सूर शब्दातून निघतो तेव्हा : लिव्हरपूलच्या चिनी वस्तीतला कँटोनीज ऑपेरा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्ष आलं की लिव्हरपूलच्या नेल्सन स्ट्रीटचे फोटो आपल्याकडच्या बातम्यांतही दिसतात. लाल-सोनेरी कमान, तिच्याखाली उड्या मारणारे सिंह, ढोल, झांजा, गर्दी. ही कमान 2000 साली शांघायहून आलेल्या कारागिरांनी उभारली. उंची साडेतेरा मीटर, अंगावर 200 ड्रॅगन. फोटोसाठी याहून चांगली जागा मिळणार नाही.

फोटोत जे येत नाही ते गाणं. याच शहरात 1983 पासून चिनी वाद्यांचा एक मुलांचा ऑर्केस्ट्रा आहे. युरोपातला अशा प्रकारचा पहिला म्हणून तो ओळखला जातो. दुसरीकडे, या वस्तीतल्या जुन्या माणसांचं सगळ्यात जिवाभावाचं गाणं म्हणजे दक्षिण चीन आणि हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेतला ऑपेरा, आणि तो मात्र बराचसा वयस्क हौशी मंडळींपुरताच उरला आहे. शहर तेच, घरंही तीच. मग मुलांनी वाद्यं उचलली आणि गाणं का नाही उचललं?

‘नव्या पिढीला आवड नाही’ हे उत्तर पटकन सुचतं, पण ते अपुरं आहे. खरं कारण त्या गाण्याच्या रचनेतच आहे, आणि ते कळलं की भाषा आणि संगीत यांच्या नात्याबद्दलही बरंच काही कळतं.

लिव्हरपूलमध्ये चिनी माणसं आली कशी?

जहाजांमुळे. 1866 मध्ये ब्लू फनेल नावाच्या कंपनीची आगबोट लिव्हरपूलहून थेट चीनला निघाली आणि हा मार्ग सुरू झाला. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर जसे रत्नागिरीकडचे खलाशी असत, तसे या बोटींवर चिनी खलाशी असत. काही जण बंदराजवळच राहिले. पिट स्ट्रीटच्या आसपास खानावळी, लॉजेस, किराणा दुकानं उभी राहिली. युरोपातली सगळ्यात जुनी चिनी वस्ती ती हीच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात ती उद्ध्वस्त झाली आणि लोक पलीकडे नेल्सन स्ट्रीटच्या बाजूला सरकले.

युद्धानंतर जे घडलं ते इथे सांगायलाच हवं. 1945-46 मध्ये ब्रिटिश गृहखात्याने चिनी खलाशांना मोठ्या संख्येने, गाजावाजा न करता, सक्तीने परत पाठवलं. अनेकांच्या बायका लिव्हरपूलच्याच होत्या, घरात लहान मुलं होती. बाप सकाळी घरातून गेला तो गेलाच, आणि आपल्याला टाकून गेला असं समजून कित्येक कुटुंबांनी पुढची अनेक दशकं काढली. 2006 मध्ये पिअर हेडच्या धक्क्यावर या माणसांच्या नावे एक फलक लागला. 2022 मध्ये गृहखात्याच्याच अहवालात या सक्तीची कबुली आली. त्या मुलांना बाप मिळाला नाही, आणि बापाची भाषाही मिळाली नाही.

आज जिला आपण तिथली जुनी कँटोनीज मंडळी म्हणतो, ती बहुतेक त्यानंतरची. 1950-60 च्या दशकांत हाँगकाँगच्या ग्रामीण भागातली भातशेती मोडकळीला आली आणि तिथून माणसं ब्रिटनला आली. हॉटेलं, टेकअवे हे त्यांचे धंदे. दुपारी सुरू होऊन मध्यरात्री संपणारी कामं. गाण्यासाठी मोकळा मिळे तो आठवड्याच्या सुट्टीचा एखादा दिवस.

ऑपेरा म्हणजे नेमकं काय?

‘ऑपेरा’ हा शब्द युरोपचा, या कलेला बाहेरून चिकटवलेला. कँटोनीज भाषेत तिचं नाव आहे युत-केक, म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग आणि आसपासच्या प्रांतातलं नाटक. आपल्या जवळचा शब्द हवा तर ‘संगीत नाटक’ म्हणा, पण त्यात दशावताराचाही मोठा वाटा घाला. रंगवलेले चेहरे, भरजरी पोशाख, लढाईच्या कसरती, देवाच्या उत्सवात बांबूच्या मांडवात रात्रभर चालणारे खेळ, आणि सुरुवातीला देवांना मान देणारा विधी. जुन्या काळी यात ‘आराखड्याची नाटकं’ असत. कथानकाचा फक्त सांगाडा रंगमंचामागे लावलेला असे आणि नट संवाद आणि पदं उभ्या-उभ्या जमवत. लिखित संहितेशिवाय रात्र जागवणारा दशावतार पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हा बीजिंगचा ऑपेरा नव्हे. चीनमध्ये प्रांतागणिक अशी तीनशेहून अधिक नाट्यरूपं मोजली जातात आणि प्रत्येकाची बोली वेगळी. बीजिंगचा ऑपेरा उत्तरेचा, हा दक्षिणेचा.

इतिहास थोडक्यात. नाटक मंडळ्या लाल रंगाच्या होड्यांतून गावोगाव फिरत. 1854 मध्ये ली मान-मौ नावाचा नट बंडात उतरला, तेव्हा सरकारने फोशान शहरातलं नटांचं सभागृह जाळलं आणि या नाटकावर बंदी घातली, ती कित्येक वर्षं टिकली. स्त्री-पुरुषांनी एकत्र रंगमंचावर येण्याला हाँगकाँगमध्ये 1933 साली परवानगी मिळाली. तरीही विसाव्या शतकातला या रंगभूमीचा सगळ्यात लाडका नायक एक बाईच होती, याम किम-फाय. बालगंधर्वांची साडी नेसण्याची लकब बायका उचलत असत, हे ज्या भाषेत सांगितलं जातं तिथे या उलट्या बाजूच्या बालगंधर्वाचं अप्रूप वेगळं सांगायला नको.

लिव्हरपूलसारख्या गावात पूर्ण नाटक उभं करणं महागाचं काम. पोशाख, मुकुट, तालवाद्यांचा ताफा, लढवय्ये नट कुठून आणायचे? म्हणून परदेशात जे जास्त जगतं ते नुसतं गायन, आपल्याकडे नाट्यसंगीताची मैफल असते तसं. साध्या कपड्यांत, माइकसमोर, हातात पदांचे कागद आणि बाजूला चार-सहा वादक. अशा हौशी बैठकीला ग्वांगडोंगमध्ये ‘सी-फो-कुक’ म्हणतात, म्हणजे खासगी बैठक.

एक ‘सी’, सहा अर्थ

आता मुद्द्याचं. मराठीत ‘हो’ हा शब्द म्हणून पाहा. सपाट म्हटलात तर होकार. शेवटी आवाज चढवलात तर प्रश्न. ओढत खाली आणलात तर नाइलाज. आवाजाच्या चढउताराने भाव बदलला, शब्द मात्र ‘हो’च राहिला.

कँटोनीजमध्ये चढउतार बदलला की शब्दच बदलतो. या चढउताराला टोन म्हणतात आणि कँटोनीजमध्ये ते सहा आहेत. ‘सी’ हे अक्षर उंच आणि सपाट म्हटलं तर कविता. उंच चढवत नेलं तर इतिहास. मधल्या पट्टीत सपाट ठेवलं तर प्रयत्न. खाली सोडत नेलं तर वेळ. खालून थोडं चढवलं तर बाजार. खालच्या पट्टीत सपाट ठेवलं तर बाब, गोष्ट. लिहिताना सहा वेगळी चिन्हं. बोलताना फरक फक्त सुराचा.

म्हणजे कँटोनीज माणूस साधं बोलतो तेव्हाही त्याच्या वाक्याला एक चाल असतेच. मग गाताना काय होणार? गाण्याची चाल वर जात असेल आणि शब्दाचा टोन खाली जाणारा असेल, तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. परदेशी चालींवर बसवलेल्या कँटोनीज ख्रिस्ती भजनांत ‘प्रभू’ या शब्दाचं ‘डुक्कर’ होत असे, कारण दोन्ही शब्द ‘च्यू’, फरक फक्त टोनचा. गाणाऱ्यांची श्रद्धा पक्की होती, चुकली होती ती चाल.

ज्या कागदावर चाल लिहिलेलीच नसते

यातून या संगीताने काढलेली वाट मला फार सुंदर वाटते. इथे शब्दच आपली चाल बरोबर घेऊन येतात.

गायकाच्या हातातला कागद जवळून पाहिला तर हे चटकन कळतं. वरून खाली उतरणाऱ्या अक्षरांच्या रांगा. रांगेच्या सुरुवातीला कंसात पदाच्या प्रकाराचं नाव. काही अक्षरांच्या बाजूला ठोक्यांच्या बारीक खुणा. आणि सूर? ठरलेल्या लोकप्रिय धुनांवर बसवलेला भाग असेल तर तिथे स्वरलिपी असते. पण मुख्य पदांना बहुतेकदा नुसते शब्द. त्या शब्दांचे टोन वाचून गायक चाल तिथेच घडवतो.

मोकाट नव्हे. प्रकाराचं नाव बऱ्याच गोष्टी बांधून देतं. पदांची दोन मोठी घराणी आहेत, बाँगजी आणि यीवाँग. बाँगजीसाठी तंतुवाद्याच्या दोन तारा ध-ग या सुरांना लावतात, यीवाँगसाठी प-रे या सुरांना. ओळी जोडीने येतात. वरच्या ओळीचा शेवटचा शब्द कोणत्या जातीच्या टोनचा असावा आणि खालच्या ओळीचा कोणत्या, हे ठरलेलं. ओळ कोणत्या सुरावर टेकायची तेही ठरलेलं. आपल्याकडे रागात न्यासाचे स्वर असतात तसंच हे. तालही बांधलेला. जोराच्या ठोक्याला ‘बान’ म्हणतात, हलक्याला ‘डिंग’, आणि संथ पदात एका बानमागे तीन डिंग. आपल्या टाळी-खालीशी याची तंतोतंत जुळणी नाही, पण ताल शिकलेल्याला त्याचा हिशोब पाच मिनिटांत समजेल.

स्वरांनाही आपल्यासारखीच अक्षरं आहेत. सा, रे, ग, म, प, ध, नी यांच्या जागी सांग, छे, कुंग, फान, लिउ, वू, यी. या पद्धतीचं नाव कुंग-छे, म्हणजे ‘ग-रे’. आपण ‘सरगम’ म्हणतो त्याच धर्तीचं नाव.

आता फरक बघा. जात्यावरच्या ओवीत चाल ठरलेली असते आणि बाई त्यात आपले शब्द बसवते. एखादं अक्षर लांबवते, एखादं गिळते. चालीपुढे शब्द वाकतो. कँटोनीज पदात शब्दापुढे चाल वाकते. एकाच प्रकारच्या दोन पदांचा सांगाडा एकच असतो, पण शब्द वेगळे म्हणून सूर वेगळे. वादकही गायकाच्या मागोमाग जातात. मुख्य तंतुवादक गायकाच्या सुराला सावलीसारखा चिकटून असतो, आपला हार्मोनियमवाला मैफलीत असतो तसा. गायकाने या वेळी काय घेतलं ते कानांनी टिपायचं, पुढे धावायचं नाही.

म्हणजे हे गाणं गायचं तर आधी कँटोनीज ‘कानात’ असावी लागते. रोमन लिपीत शब्द लिहून घेऊन पाठ करता येतील, एखादं पद हुबेहूब नक्कल करून म्हणताही येईल. नवं पद हातात आलं की मात्र अडलं.

‘मग इंग्रजीत करा की!’

कथा इंग्रजीत नेता येईल. पोशाख, हालचाली, पांढऱ्या लांब बाह्यांची ती विलक्षण भाषा, सगळं नेता येईल. पण इंग्रजी शब्दांना टोन नाहीत, त्यामुळे चाल निघण्याची जागाच उरत नाही. मग एखाद्याने आधी चाल रचून तिच्यावर इंग्रजी शब्द बसवायचे. ते चांगलंही होईल, फक्त ते वेगळं संगीत असेल.

यावर जाणकार माणूस एक हरकत घेईल आणि ती वजनदार आहे. हे नाटक पूर्वी कँटोनीजमध्ये नव्हतंच! रंगमंचावर उत्तरेकडच्या वळणाची एक नाटकी भाषा चालत असे. 1920-30 च्या सुमारास ते हळूहळू कँटोनीजमध्ये आलं. एकदा भाषा बदलली तरी कला टिकली, मग पुन्हा बदलायला काय हरकत?

हरकत नाही, पण त्या वेळी काय झालं ते पाहावं. भाषेबरोबर संगीतही बदललं. उंच, बारीक आवाजात गाणारे पुरुष नट नैसर्गिक आवाजात, खालच्या पट्टीत गाऊ लागले. पदांची चलनं बदलली, ग्वांगडोंगची लोकगीतं आत आली. शिवाय ती वाट एका टोनवाल्या भाषेतून दुसऱ्या टोनवाल्या भाषेत होती, आणि जी भाषा प्रेक्षक घरात बोलत होता त्या दिशेने होती. लिव्हरपूलमध्ये उद्या इंग्रजीतून काही उगवलं तर मी ते आवडीने ऐकेन. पण आजीच्या गाण्याची ती पुढची पायरी असेल असं मला वाटत नाही.

‘पण मुलांचा ऑर्केस्ट्रा तर आहे ना?’

आहे, आणि तो अभिमानाचा विषय आहे. 1982 मध्ये हेन्री स्ट्रीटवर ‘पॅगोडा’ नावाचं चिनी समाजकेंद्र सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे पॅगोडा चायनीज युथ ऑर्केस्ट्रा उभा राहिला. तंतुवाद्यं, बासरी, आपल्या संतूरच्या कुळातलं यांगचिन. घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलालाही हे सगळं वाजवता येतं, कारण गाओहू या दोन तारांच्या वाद्याला टोन माहीत असण्याची गरज नाही.

वाद्यांचं हेच वैशिष्ट्य आहे, ती प्रवासाला सोपी. गाओहूचीच गोष्ट घ्या. 1920 च्या दशकात लुई मान-सिंग या वादकाने दोन तारांच्या जुन्या वाद्यावर रेशमाऐवजी पोलादी तार चढवली, ते वरच्या पट्टीत लावलं आणि मांडीवर न टेकवता गुडघ्यांत घट्ट धरलं. आवाज एकदम तेजस्वी झाला. आज तो कँटोनीज संगीताचा चेहरा आहे. त्याच काळात व्हायोलिन आणि सॅक्सोफोनही या ऑपेरात शिरले आणि आजही आहेत. तेव्हा ‘परंपरा शुद्ध राखली नाही म्हणून ती मरते’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. या कलेने जगभरची वाद्यं आत घेतली. अडतं ते फक्त शब्दांपाशी.

ऑर्केस्ट्रा आणि ऑपेरा यांना एकाच ‘चिनी संस्कृती’च्या टोपलीत टाकू नये, ते यासाठी. ऑर्केस्ट्राला तालीम, वाद्यं आणि शिक्षक पुरतात. ऑपेराला यांखेरीज घरात बोलली जाणारी भाषा लागते, आणि ती तालमीच्या खोलीत तयार होत नाही.

‘हे कानाला इतकं तीव्र का वाटतं?’

पहिल्यांदा ऐकणारे बहुतेक जण हेच विचारतात. झांजा आणि घंगाळासारख्या गाँगचा तो कडकडाट उघड्यावरच्या मांडवासाठी घडला आहे, जिथे प्रेक्षक खात-बोलत असतात. तो नुसता गोंगाटही नाही. लाकडी ठोकळा हाताळणारा तालप्रमुख सगळ्या खेळाचा सूत्रधार असतो. नटाने हाताने किंवा नजरेने इशारा दिला की तो ठोका बदलतो आणि सगळा ताफा त्याच्यामागे वळतो. थोडा धीर धरून ऐकलं तर कोणता ठोका रागाचा, कोणता प्रवेशाचा, कोणता रडण्याच्या आधीचा, हे कळू लागतं.

‘आता हाँगकाँगहून माणसं आली आहेत, प्रश्न सुटला?’

जानेवारी 2021 पासून ब्रिटनने हाँगकाँगच्या ठरावीक नागरिकांना खास व्हिसा दिला आणि दीड लाखाहून अधिक लोक ब्रिटनमध्ये आले. लिव्हरपूल, मँचेस्टरच्या परिसरात पुन्हा तरुण तोंडांतून कँटोनीज ऐकू येऊ लागली. त्याआधी वस्तीत भर पडत होती ती प्रामुख्याने मँडरिन, म्हणजे चीनची राजभाषा, बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची. लिव्हरपूल विद्यापीठाचं चीनमध्ये सुझौला 2006 पासून भागीदारीतलं विद्यापीठ आहे आणि तिथून मुलं येत असतात. बाहेरून ‘चिनी समाज’ एक दिसतो, पण मँडरिनचे चार टोन घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला कँटोनीज पद जवळपास परकंच.

नवी कुटुंबं ऑपेरावर वाढलेली नाहीत. त्यांचं गाणं कँटोपॉप, म्हणजे कँटोनीजमधलं पॉप संगीत. पण याच ठिकाणी मला आशा वाटते. कँटोपॉपचा गीतकारही टोन पाळतोच. तिथे आधी चाल तयार असते आणि गीतकार तिच्या चढउतारात बरोबर बसणारे शब्द शोधत बसतो. ऑपेरात शब्द आधी आणि चाल नंतर. वाट उलटी, पण कान तोच. त्या कानाच्या मुलासमोर पदाचा कागद ठेवला तर त्याला अर्धं काम येतच असतं, त्याला ते माहीत नसतं इतकंच.

युनेस्कोने 2009 मध्ये या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण ती नोंद ग्वांगडोंग, हाँगकाँग आणि मकाव यांच्या नावे आहे. ब्रिटनने तर या यादीमागच्या करारालाच 2024 मध्ये मान्यता दिली. यादीमुळे मान मिळतो, प्रसंगी पैसाही मिळतो. मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे मात्र स्वयंपाकघरात ठरतं. ब्रिटनमधल्या शनिवार-रविवारच्या चिनी शाळांपैकी बऱ्याच आता मँडरिन शिकवतात, कारण नोकरीत तिचा उपयोग. पालकांना यासाठी दोष देणं मला जमणार नाही. लंडनमध्ये 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे, आणि नातवंडांशी मराठीत बोलायचं की इंग्रजीत, हा पेच तिथल्या घरांनाही ठाऊक आहे.

ज्यांना शिकायचंच आहे त्यांची सुरुवात कशी होते ते सांगतो. ‘तुक-कुक’ नावाचा एक सराव असतो. त्याचा अर्थ ‘पद वाचणं’. गायचं नाही. कागद धरायचा आणि प्रत्येक अक्षर त्याच्या टोनसकट मोठ्याने, सावकाश वाचायचं. मग तेच जरा लांबवून, ठोका देऊन. शिकवणारा ऐकत असतो आणि एखादा शब्द खाली सोडायला हवा होता तो सपाट राहिला की तिथेच थांबवतो. असं वाचता वाचता कधीतरी वादक तार छेडतो, आणि वाचणाऱ्याच्या लक्षात येतं की तो मघापासून सुरातच आहे.